खडूच्या दोन रेघा

९ जानेवारी

बारके,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत बसणार नाही. तू नीट पोचलीस असं तुझ्या आईकडून कळलं. फोनवर तू मला 'हं, हं, बरंय' यापलीकडे काही सांगत नाहीस, आणि तुझी आई जे सांगते त्यातलं निम्मं तिच्या मनचं असतं. म्हणून यापुढे पत्रं. इकडून तिकडे नऊ-दहा दिवस लागतात असं पोस्टात म्हणाले. लागू देत. तेवढ्यात माणसाचं डोकं थंड होतं.

तुला तीन महिने पारखून बघायला घेतलंय. शर्यतीच्या गाड्या, त्याही विजेवरच्या. पदविकेचा कागद त्यांनी पाहिला असेल, पण हात सात वर्षं माझ्या दुकानात तयार झाला, ट्रकच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर. हे तिथे कुणाला सांगू नकोस, स्वतः विसरू नकोस.

तुझ्या जागी एक माणूस ठेवला आहे. पन्नाशीचा आहे, हात बरा आहे, तोंड फार चालतं. पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकासमोर म्हणाला, 'बाई, हिच्यात दम नाही.' मी त्याला आत नेऊन समजावलं. इथे बॅटरीबद्दल कामगार बोलत नाही. खडूने रेघ मारतो. एक रेघ म्हणजे ठीक, दोन म्हणजे देऊ नये, तीन म्हणजे भंगार. मी रेघा पाहते, ओल्या फडक्याने पुसते. पुसल्या की तुझं काम संपलं, पुढचं माझं. त्यावर विचारतो, 'आणि बाई, तोंड देवाने कशाला दिलंय?' म्हटलं, जेवायला.

गिऱ्हाइकांना सांगितलंय की तू एप्रिलात परत येतेस. तू म्हणशील, आत्या, मी असं कधी म्हटलं? तू नाही म्हटलंस. मी म्हटलं.

आत्या

१९ जानेवारी

आत्या,

नमस्कार पोचला असं समज.

खोली मिळाली. खाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, मध्ये घरमालकीण, वर मी. जिना इतका अरुंद की पिशवी आधी आणि आपण मागून. घरमालकीण निवृत्त नर्स आहे. माझ्या नखांखालचा काळेपणा बघून तिने पहिल्या दिवशी मला हात दोनदा धुवायला लावले. तुझी आठवण झाली.

वर्कशॉपची फरशी पांढरी आहे आणि पांढरीच राहते. बॅटरीची खोली वेगळी. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, आणि आत एकट्याने जायचंच नाही. दुसरा माणूस दाराशी लांब आकडा घेऊन उभा राहतो. मला शॉक बसला तर हात न लावता त्याने मला आकड्याने ओढून काढायचं. मी विचारलं, असं कधी झालंय? तो म्हणाला, 'नाही. म्हणून तर आकडा नवा दिसतो.' हा मुख्य मेकॅनिक. सहा फुटांच्या वर आहे, मनातल्या मनात मी त्याला लांबू म्हणते.

आपल्याकडे बॅटरी नेहमी भरून ठेवतात, रिकामी राहिली तर खराब होते. इथे उलटं. शर्यत नसेल तेव्हा अर्धीच भरून, गार खोलीत ठेवायची. पूर्ण भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते. एका पेटीत वीस गट, दर गटात पुष्कळ सेल. पाणी घालायचं नाही, झाकण उघडायचं नाही, ऍसिडचा वास नाही. पहिले चार दिवस मला आपण कामच करत नाही असं वाटत होतं.

भाषेचं सांगते. आठवड्यातून दोनदा वर्ग असतो. शिक्षक आम्हाला 'माझ्या काकांची टोपी निळी आहे' असं शिकवतात. ते काही डोक्यात राहत नाही. लांबूने मला दुसरंच दिलं: ड्रायव्हरबाईच्या टेप. ती प्रत्येक फेरीनंतर गाडी कशी वागली ते बोलते आणि ते सगळं साठवून ठेवतात. बाई चाळिशीकडे झुकलेली, तुटक बोलते. 'दुसरं वळण. शिरताना नाक जड. वळत नाही.' 'पाचवं. बाहेर पडताना शेपूट हलकं. सुटतंय.' मी स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना तेच ऐकते. परवा घरमालकिणीने विचारलं, जिन्याचा त्रास होत नाही ना? मी म्हटलं, 'चढताना ठीक. वळणावर पकड नाही. उतरताना मागून सुटते.' ती म्हणाली, 'मुली, पडू नकोस म्हणजे झालं,' आणि दुसऱ्या दिवशी वळणावर कठडा बसवला.

अट एकच आहे. तीन महिन्यांत मला स्वतःच्या तोंडाने रेडिओवर कळवता आलं पाहिजे. इथला नियम असा की ज्याला दिसलं त्याने बोलायचं, लगेच, अर्धवट खात्री असली तरी. नाही जमलं तर घरी.

बारकी

२९ जानेवारी

बारके,

अर्धी भरून ठेवायची बॅटरी! बरं. मी भौतिकशास्त्र घेऊन पदवी केली तेव्हा वर्गात आम्ही दोघी मुली होतो आणि सर आम्हाला सेलला हात लावू देत नसत, म्हणून मी दुकान काढलं. तेव्हा नवीन गोष्टीला मी नाक मुरडणार नाही. पण बॅटरी कुठलीही असो, चार्जिंगला लावलेली असताना ती खोटं बोलते. भरताना सगळ्याच टवटवीत दिसतात. काढून ठेव, रात्रभर बसू दे, सकाळी मोज. जी गळणारी आहे ती तेव्हा कळते. तिथे हे करत नसतील तर तू कर. वही ठेव.

'अर्धवट खात्री असली तरी बोला' हा नियम मला पटलेला नाही. अर्धवट खात्रीवर बोलणाऱ्या माणसांनी जग भरलंय. तीनदा मोजल्याशिवाय तोंड उघडू नकोस. तुझा हात बोलतो, तेवढं पुरे. एप्रिलपर्यंतच तर काढायचंय.

दातांचे डॉक्टर अजून आपल्याकडे फिरकत नाहीत. रस्त्यात दिसले तर दुसरीकडे बघतात. तुझी ती एक चूक वर्षभर महागात पडतेय. बोलून दाखवत नाही, आठवण म्हणून लिहिलं. तिथे असं काही होऊ देऊ नकोस.

बोलका माणूस आता रेघा मारतो, पण मारताना हुं हुं करतो. त्यालाही बंदी घालणार आहे.

आत्या

१ मार्च

आत्या,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे वही ठेवली. सगळ्या पेट्या चार्जिंगवरून काढल्यावर रात्रभर बसू देते आणि सकाळी खोलीबाहेरच्या पडद्यावरून गटवार मोजते. इथे हे कुणी करत नाही, चार्जिंग चालू असताना पडद्यावर दिसतं तेच धरतात. लांबूला वाटतं मी साफसफाईला लवकर येते.

एका पेटीतला बारावा गट रोज थोडा उतरतो. केसाएवढा. पण तीन आठवडे, रोज.

त्याचा संबंध कुठे लागतो बघ. या गाडीत ब्रेक मारला की मागची मोटार उलटं काम करते, चाकांना धरून ठेवते आणि ती वीज परत बॅटरीत भरते. म्हणजे मागचा निम्मा ब्रेक बॅटरीच्या जिवावर चालतो. एखादा असा कमजोर गट, ज्यात मुळात कमीच मावतं, म्हणाला, 'आता पुरे, माझ्यात मावत नाही,' तर ते भरणं एकदम बंद होतं. मागची पकड जाते, सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, ती अडकतात आणि गाडी वळायचं सोडून नाकासमोर चालू लागते. ड्रायव्हरबाईच्या टेपमध्ये पंधरा दिवस हेच आहे. 'तिसरं वळण. ब्रेक. पेडल पोकळ. क्षणभरच. मग परत येतं.' आणि ते सुरुवातीच्या फेऱ्यांतच होतं, पेटी भरलेली असते तेव्हा. इंजिनियर स्प्रिंग बदलतात, टायरची हवा बदलतात, मागचा पंख वाकवतात. मालक म्हणाला, 'गाडी ठीक आहे. बाईचं वय झालंय.' तिच्यासमोर म्हणाला.

आज सकाळी तिसऱ्यांदा खात्री केली. उद्याच्या फेऱ्यांना तीच पेटी लागणार होती. लांबूपुढे उभी राहिले आणि माझी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. टेपमधलं सगळं येतं, पण ते तिचं आहे. 'मला वाटतं' हे तिने कधी म्हटलंच नाही. शेवटी खिशातून खडू काढला आणि पेटीच्या झाकणावर दोन रेघा मारल्या, ठळक. संध्याकाळी लांबू आला, पेटीकडे पाहिलं, फडकं ओलं केलं आणि रेघा पुसल्या. मी चार हातांवर उभी होते. माझ्याकडे बघून मान हलवली.

जीव भांड्यात पडला. मोटारीचं नाक कुठे जातं ते आता त्याचं.

दातांच्या डॉक्टरांबद्दल मी काही लिहीत नाही.

बारकी

४ मार्च

आत्या,

परवाच्या पत्राचं उत्तर यायच्या आत लिहिते आहे.

लांबूने ती पेटी गाडीत बसवली. दुसऱ्याच फेरीत, तिसऱ्या वळणावर, गाडी सरळ जाऊन टायरच्या भिंतीवर आदळली. ड्रायव्हरबाई आपल्या पायाने बाहेर आली. मनगटाचं हाड मोडलंय. रेडिओवर तिचं शेवटचं वाक्य होतं, 'पेडल पोकळ.'

नोंदींत दिसतं की त्या क्षणी वीज परत भरणं बंद झालं. पण त्याच क्षणी पुढची चाकंही अडकली. इंजिनियर म्हणतात, बाईने घाबरून पाय दाबला, चाकं अडकली, म्हणून भरणं बंद झालं. मी म्हणते भरणं आधी बंद झालं. दोन्हींत डोळा मिटायलाही लागत नाही एवढं अंतर आहे, आणि ते कुणी बघत नाहीये, कारण त्यांना उत्तर मिळालेलं आहे. २० तारखेला मालकाने बैठक ठेवलीय. त्या दिवशी तिला काढणार हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तिलाही.

लांबूने रेघा वाचून पुसल्या नव्हत्या. नुसत्या पुसल्या होत्या. हे मला गाडी भिंतीवर गेल्यावर समजलं.

माझ्या वहीत तीन आठवड्यांचे आकडे आहेत. ते दाखवले तर तिची नोकरी वाचेल. पण मग पहिला प्रश्न येईल, तुला कधीपासून माहीत होतं? माहीत असून न सांगणं हा इथे सगळ्यात मोठा गुन्हा. तीन महिने पुरे व्हायच्या आत मी बाहेर असेन.

तू काय केलं असतंस? हे मी विचारण्यासाठी विचारते आहे, टोमणा नाही.

बारकी

१३ मार्च

बारके,

तुझी दोन्ही पत्रं तीन दिवसांच्या अंतराने आली. उत्तर थोडक्यात देते.

गप्प बस.

तू तपासलंस, तीनदा तपासलंस, खूण केलीस. ज्याने पुसली त्याची जबाबदारी. न वाचता पुसणारा मुख्य मेकॅनिक असेल तर दोष त्याचा, त्या संस्थेचा. परक्या मुलखात, धड न येणाऱ्या भाषेत, चार पुरुषांपुढे उभं राहून स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घ्यायचं काही कारण नाही. ती बाई चाळिशीची आहे, तिला दुसरं काम मिळेल. नाही मिळालं तर शर्यत म्हणजे काही जगण्याचा एकच मार्ग नव्हे.

एप्रिलची मुदत निमूट भर आणि इकडे ये. तुझ्या बापाचीही हीच इच्छा आहे. त्याला विचारलेलं नाही, पण असणार.

आत्या

१५ मार्च

बारके,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि दोन दिवस दुकानात कुणाशी धड बोलले नाही. बोलका माणूस म्हणाला, 'बाई, दाढ दुखतेय का?' त्याच्या तोंडून नेमकं तेच निघावं!

आज दुपारी दुकान त्याच्यावर टाकून मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. नंबर लावून बसले. आत गेल्यावर खुर्चीत बसायला सांगितलं, मी उभीच राहिले. त्यांना सांगितलं ते तुलाही लिहून देते, कारण तुला ते माहीत असलं तरी माझ्या हातचं नाही.

गेल्या वर्षी तुम्ही इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायला आलात तेव्हा तिच्यावर दोन रेघा होत्या. माझ्या भाचीने मारलेल्या. मी त्या पाहिल्या. तुम्ही घाईत होतात, दुसरी तयार नव्हती, आणि मला 'उद्या या' म्हणायचं नव्हतं. मी रेघा पुसल्या आणि बॅटरी दिली. तीन दिवसांनी तुमचं ड्रिल पेशंटच्या तोंडात बंद पडलं. तुम्ही ते ड्रिल हातात घेऊन दुकानात आलात, सहा माणसं उभी होती, आणि मी म्हटलं, 'पोरीने नीट तपासली नाही.'

ते ऐकून घेऊन म्हणाले, 'मग हे त्या मुलीला सांगा ना. मला काय सांगता?' वर विचारलं, आलाच आहात तर दात बघू का? मी नको म्हटलं.

त्या दिवशी तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि हातमोजे धुवायला गेलीस. वर्षभर मी ते प्रकरण 'तुझी चूक' म्हणतेय. इतक्या वेळा म्हटलं की मला ती खरीच तुझी वाटू लागली होती.

आता रेघांचं. कामगाराने गिऱ्हाइकासमोर बोलू नये हा नियम मी शिस्तीसाठी केला असं सांगत आले. खरं कारण असं की रेघ पुसता येते. बोललेलं सहा माणसांनी ऐकलं की पुसता येत नाही. मला पुसण्याची सोय हवी होती. तुला मी जे शिकवलं ते हे, आणि तू ते घेऊन तिथे गेलीस.

तू काय केलं असतंस, असं विचारलंस. मी काय केलं ते वर लिहिलंय.

हे पत्र वीस तारखेच्या आत पोचणार नाही. फोन करू शकले असते. दोनदा उचललाही. तू 'हं' म्हटलं असतंस आणि मी त्याला उत्तर समजले असते. शिवाय आता मी जे सांगेन ते तू माझ्या सांगण्यावरून करशील, किंवा माझ्यावरच्या रागाने उलट करशील. त्यातलं काहीच नको.

आत्या

२६ मार्च

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, २४ ला. आधी चुकून दुसरं उघडलं. पहिलं नंतर वाचलं, त्यामुळे त्याचा राग यायचा राहून गेला.

२० ची बैठक झाली. लांब टेबल, मालक, दोन इंजिनियर, लांबू, आणि टोकाला ड्रायव्हरबाई, हात गळ्यात. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी वही घेऊन दारात उभी राहिले आणि म्हटलं, 'मला बोलायचंय.'

मालक म्हणाला, 'भाषा अडत असेल तर लिहून दे.'

'नको. बोलते.'

आणि बोलले. 'दोन मार्च. दुसरी फेरी. तिसरं वळण. ब्रेक. भरणं बंद. पेडल पोकळ. नाक सरळ. ड्रायव्हरची चूक नाही. बॅटरीची. बारावा गट. तीन आठवडे उतरत होता. मला माहीत होतं.'

बाई म्हणाली, 'ही माझ्यासारखी का बोलते?'

लांबू म्हणाला, 'तुझ्या टेप ऐकून शिकली.'

कुणी हसलं नाही. मी वही टेबलावर ठेवली. इंजिनियरांनी आधी चाळली, मग वाचली. एक उठून गेला, अपघाताच्या नोंदी पुन्हा काढून आणल्या, दोघांनी डोकी जवळ आणून त्या क्षणाचे तुकडे तुकडे केले. भरणं आधी बंद झालं होतं. चाकं नंतर अडकली.

लांबू तोवर माझ्याकडे बघत होता. 'मी पुसत होतो तेव्हा तू तिथेच उभी होतीस.'

'हो.'

'मला वाटलं धूळ लागलीय.'

'तू मान हलवलीस.'

'नमस्कार म्हणून हलवली!'

'आमच्याकडे पुसलं म्हणजे वाचलं.'

'आमच्याकडे,' लांबू म्हणाला, 'पुसलं म्हणजे पुसलं.'

बाईने विचारलं, 'खात्री कधी झाली होती तुझी?' मी तारीख सांगितली. तिने मोडलेल्या हाताच्या बोटांवर हिशेब केला. 'एकोणीस दिवस,' ती म्हणाली. मालकाला म्हणाली, मला म्हणाली नाही.

तिची जागा राहिली. मालकाने तिची माफी मागितली, मागताना टेबलाकडे बघत होता. माझी मुदत त्याच दिवशी संपवली. मला अन्याय झाला असं वाटत नाही. नियम पहिल्या दिवशी सांगितला होता आणि तो मला समजला होता.

निघताना मी सिंकवर हात धुवत होते, बाई शेजारच्या नळाला आली. म्हणाली, 'दोन महिने तू मला कानाला लावून हिंडत होतीस. माझ्या घरातही माझं इतकं कुणी ऐकत नाही. त्यात एकदाही वाटलं नाही, हिला जाऊन सांगावं?' मी नळ बंद केला. तिच्या भाषेत सांगण्याइतकी भाषा मला आता येते. सांगण्यासारखं काही नव्हतं.

लांबू फाटकापर्यंत आला आणि एक कागद दिला. पुढच्या कामासाठी शिफारस. दोन ओळी आहेत. 'मोजमाप अचूक. सांगायला उशीर केला, स्वतःहून सांगितलं.' खाली सही. म्हटलं, ही शिफारस आहे का? तो म्हणाला, 'मला यापेक्षा खरं लिहिता येत नाही.'

परवान्याप्रमाणे दुसरं काम शोधायला साठ दिवस मिळतात. मी शोधणार आहे. घरमालकीण म्हणते तो कागद कुणाला दाखवू नकोस.

डॉक्टरांचं मी विसरले नव्हते. पण त्या रागाने मी घर सोडून इतक्या लांब आले असं समजू नकोस, स्वतःला तेवढं महत्त्व देऊ नकोस. मला या गाड्यांवर काम करायचं होतं. अजूनही करायचंय. तरी तू डॉक्टरांकडे नंबर लावून बसलीस हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा खिडकीपाशी जाऊन आले.

बारकी

६ एप्रिल

बारके,

'परत ये' असं लिहायला घेतलं होतं. तो कागद फाडला, हा दुसरा.

तो शिफारशीचा कागद दाखव. घरमालकीण सांगते ते मी तुला पूर्वी सांगितलं असतं, म्हणून तिचं ऐकू नकोस.

गिऱ्हाइकांना सांगितलं की तू एप्रिलात येत नाहीस. एकाने विचारलं, मग कधी? म्हटलं, ती ठरवेल, मी आजवर उगाच तिच्या वतीने ठरवत होते. तो म्हणाला, 'बाई, तब्येत बरी आहे ना?'

दुकानात खडू बंद केला. ज्याला दिसलं त्याने बोलायचं, गिऱ्हाइकासमोर. सोमवारी एक ट्रकवाला जुनी बॅटरी भरून न्यायला आला. आमचा बोलका पुढे झाला आणि म्हणाला, 'ही देऊ नका, वाटेत दगा देईल.' ट्रकवाला माझ्याकडे बघू लागला, मी काय म्हणते म्हणून. मला सवयीने फडकं शोधायला हात गेला. म्हटलं, तो म्हणतो ते बरोबर आहे. ट्रकवाल्याने बॅटरी उचलली आणि समोरच्या दुकानात गेला. तिथे त्याला भरून दिली.

संध्याकाळपर्यंत बोलका बोलतच होता. डोकं उठलं. पण बंदी घातली नाही.

त्या बाईच्या प्रश्नाला तू उत्तर दिलं नाहीस, बरं केलंस. मीही तुझ्याकडून माझ्या पत्राचं उत्तर मागत नाही.

आत्या

२२ एप्रिल

आत्या,

पाच ठिकाणी जाऊन आले. चार जागी तो कागद दाखवला, त्यांनी घडी घालून परत दिला आणि कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

पाचवी जागा लहान आहे. शहराबाहेर, पत्र्याची शेड, दोन गाड्या, एकीला चाकं नव्हती. फरशी पांढरी नाही. चालवणारी बाई तुझ्याच वयाची असेल, तुझ्यासारखीच समोरच्याला बसायला न सांगणारी. चष्मा कपाळावर, हातात मीटर. तिने कागद वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं, पुन्हा वाचला.

'उशीर कशाचा?'

मी सगळं सांगितलं. खडूचं, पुसण्याचं, मनगटाचं. टेपसारखं नाही, सलग सांगितलं. अडखळले, पण थांबले नाही. 'मला वाटलं' हे तीनदा म्हटलं.

'किती उशीर?'

'एकोणीस दिवस.'

तिने कागद माझ्या हातात परत दिला. 'इथे एकोणीस मिनिटं चालतील,' ती म्हणाली. 'विसावं नाही.'

सोमवारपासून जाते आहे.

बारकी